तीन पुडे कॉफीचे आणि त्यांच्या मागच्या बाजूला लिहिलेलं

पंचवीस वर्षं मी बँकेत पीककर्जाच्या टेबलावर काढली. नाव कुणाचं, क्षेत्र किती, पीक कोणतं, मागच्या हंगामाची बाकी किती, हे बघितल्याशिवाय सही करायची नाही, ही सवय हाडात मुरली आहे. निवृत्तीनंतर कॉफीचा नाद लागला आणि दाण्यांचा पुडा हातात आला की तीच सवय जागी होते. पुढच्या बाजूचं डोंगराचं चित्र नंतर. आधी पुडा उलटा करून मागचं वाचायचं.

गेल्या चार महिन्यांत फेअर ट्रेडचा, म्हणजे शेतकऱ्याला किमान भावाची आणि काही अटींची हमी देणारा शिक्का असलेले तीन पुडे संपवले. तिन्ही अडीचशे ग्रॅमचे, अख्ख्या दाण्यांचे, घरी रोजच्या रोज दळलेले. एक इथिओपियातल्या यिर्गाचेफेचा, दुसरा सुमात्रा बेटावरच्या गायो डोंगराळ भागातला, तिसऱ्यावर नुसतं ‘लॅटिन अमेरिका’. भाजणाऱ्या कंपन्यांची नावं देत नाही. जे लिहिते आहे ते कुठल्याही पुड्यावर पडताळून बघता येईल.

यिर्गाचेफेच्या पुड्यावर कर्जप्रकरणात असावी तशी सगळी माहिती होती. शेतकऱ्यांच्या सहकारी संघाचं नाव, त्या संघातली नेमकी कुठली गावसंस्था, फळं कोणत्या हंगामात तोडली, समुद्रसपाटीपासून उंची, धुतलेली की फळासकट वाळवलेली, सेंद्रिय आहे का, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे भाजल्याची तारीख. पुडा माझ्याकडे आला तेव्हा भाजून नऊ दिवस झाले होते. ताज्या भाजलेल्या दाण्यातून वायू निघत असतो. तो बाहेर जावा आणि बाहेरची हवा आत येऊ नये म्हणून पुड्याला एकतर्फी झडप असते. ती दाबली तर मोगऱ्याच्या जवळ जाणारा वास आला. हा वास धुतलेल्या यिर्गाचेफेची ओळख आहे हे वाचून माहीत होतं, तरी खोलीत पसरला तेव्हा मी चाललेलं काम थांबवलं.

पंधरा ग्रॅम दाणे मध्यम जाड दळले, २५० मिलिलिटर पाणी, उकळी बसल्यावर अर्धा मिनिट थांबून ओतलेलं, कागदी गाळणी, तीन मिनिटं. रंग चहासारखा. पहिल्या घोटाला लिंबाच्या सालीचा आंबटपणा येतो, पण बोचत नाही. कप निवत जातो तशी गोडी वर येते, शेवटच्या दोन घोटांत जर्दाळूची आठवण होते. ज्यांना दाट, कडक, दूधसाखरेची कॉफी लागते त्यांनी हा पुडा घेऊ नये, निराशा होईल. मी मात्र दूध पूर्ण सोडलं. भाजल्यापासून दहाव्या ते विसाव्या दिवसापर्यंत ही कॉफी सर्वांत बोलकी होती. महिन्यानंतर मोगरा गेला आणि नुसता लिंबू राहिला.

ही चव कुठून येते ते समजून घेतल्यावर पुड्याची किंमत वेगळी दिसायला लागते. यिर्गाचेफे हे गेडेओ लोकांच्या मुलखात आहे. तिथे कॉफी मोठ्या मळ्यांत नसते, घराभोवतीच्या परड्यात, केळीसारख्या दिसणाऱ्या एन्सेटच्या आणि उंच झाडांच्या सावलीत असते. हा सगळा प्रदेश युनेस्कोने २०२३ मध्ये जागतिक वारसा यादीत घेतला. एकेका कुटुंबाकडे जमीन बहुधा हेक्टरभरही नसते. लाल झालेली फळं हाताने वेचून तोडायची. ती धुणी-केंद्रावर न्यायची, साल काढायची, दाण्यावरचा चिकट गर सुटावा म्हणून दीड-दोन दिवस टाकीत आंबवायची, पाटाच्या पाण्यात धुवायची, मग उंच मांडवांवर वाळत घालायची. वाळताना माणसं सतत दाणे हलवतात आणि फुटके, किडके दाणे बोटांनी बाजूला करतात. हे बहुतेक बायका करतात. माझ्या कपात एकही कुजका घोट आला नाही, त्याचं श्रेय त्या बोटांचं.

आता हिशेब. भाजताना दाण्याचं वजन पंधरा-वीस टक्के घटतं, म्हणजे माझ्या अडीचशे ग्रॅमसाठी साधारण ३०० ग्रॅम कच्चा दाणा लागला. तेवढ्या कच्च्या दाण्यासाठी दीड-पावणेदोन किलो फळं. एका चांगल्या झाडाला वर्षाला अर्धा ते एक किलो कच्चा दाणा धरला, तर माझा एक पुडा म्हणजे एका झाडाच्या वर्षभराच्या मेहनतीचा तिसरा हिस्सा, कधी अर्ध्याहून जास्त. त्यातून माझे सोळा कप झाले.

फेअर ट्रेडच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने धुतलेल्या अरेबिका जातीच्या कॉफीचा हमीभाव ऑगस्ट २०२३ पासून पौंडाला, म्हणजे सुमारे ४५४ ग्रॅमला, १.८० डॉलर केला. त्याआधी २०११ पासून तो १.४० होता. सेंद्रिय असेल तर वर ४० सेंट. शिवाय २० सेंट सामुदायिक रक्कम, जी कुणा एका शेतकऱ्याच्या हातात पडत नाही, शेतकऱ्यांच्या संस्थेकडे जाते, आणि तिचं काय करायचं ते सभासद सर्वसाधारण सभेत ठरवतात. त्यातले किमान ५ सेंट उत्पादन आणि दर्जा सुधारण्यावर खर्च करायचे असतात. माझा पुडा सेंद्रिय होता, म्हणजे कमीत कमी २.४० डॉलर पौंडाला. ३०० ग्रॅमचे होतात सुमारे १.६० डॉलर. हे पैसे बंदरावर माल चढवल्यावर संस्थेला मिळतात. त्यातून सोलणी, वाहतूक, कर्जाचं व्याज, कारकुनाचा पगार वजा होऊन उरेल ते शेतकऱ्याचं. बाजारभाव हमीभावाच्या वर असला तर बाजारभाव मिळतो आणि ४० व २० सेंट वेगळे. तुम्ही पुड्याला जे मोजता त्याच्याशी हे १.६० ताडून बघा. मी ताडले आणि त्या रात्री बराच वेळ वही मिटवता आली नाही.

तरीही हमीभाव ही थोडकी गोष्ट नाही. न्यूयॉर्कच्या बाजारात २००१ मध्ये अरेबिका पौंडाला ५० सेंटच्या खाली गेली होती. तेव्हा शिक्क्याखालच्या मालाला सामुदायिक रकमेसह १.२६ डॉलर मिळत होते. २०१८-१९ मध्येही भाव डॉलरच्या खाली घसरला आणि १.४० चा आधार राहिला. फेब्रुवारी २०२५ मध्ये तोच भाव ४ डॉलरच्या वर गेला. झाड लावल्यापासून फळ यायला तीन-चार वर्षं. अशा पिकाचा भाव इतक्या उड्या मारतो, तेव्हा लावताना शेतकऱ्याने कशाच्या भरवशावर हिशेब मांडायचा? जुलै १९८९ पर्यंत आंतरराष्ट्रीय कॉफी करार देशांना निर्यातीचा कोटा वाटून देत होता, त्यामुळे भावाला थोडा लगाम होता. तो कोटा गेला आणि काही महिन्यांत भाव जवळपास निम्म्यावर आले. शिक्का जन्मला तो त्याच्या आदल्याच वर्षी, १९८८ मध्ये, नेदरलँड्समध्ये. मेक्सिकोतल्या ओआहाका राज्यात आदिवासी कॉफी उत्पादकांच्या ‘उसिरी’ या संस्थेबरोबर काम करणारे डच धर्मगुरू फ्रान्स व्हान डर हॉफ आणि निको रोझेन यांनी तो उभा केला. व्हान डर हॉफ यांचं म्हणणं मदत नको, भाव द्या, असं होतं. कर्जाच्या टेबलावर बसलेल्या कुणालाही ते पटेल.

मला विचाराल तर या शिक्क्यातलं सर्वांत मोलाचं कलम पुड्यावर कुठेच छापलेलं नसतं. ते उचलीचं आहे. मध्य अमेरिकेत कॉफीवाले शेतकरी वर्षातल्या काही महिन्यांना ‘लोस मेसेस फ्लाकोस’ म्हणतात, रोडके महिने. मागच्या पिकाचे पैसे संपलेले, नवीन पीक अजून झाडावर हिरवं. त्या महिन्यांत गावात व्यापारी फिरतो, त्याला तिथे ‘कोयोटे’ म्हणतात, कोल्ह्याच्या जातीच्या प्राण्याचं नाव. तो रोख देतो आणि उभं पीक आपल्या भावाने बांधून घेतो. माझ्या टेबलासमोर बसलेली माणसं मला आठवतात: नड आहे म्हणून पीक निघायच्या आधीच विकून टाकलेली, आणि मग भाव वर गेला तरी त्यांच्या हाती काही न आलेली. फेअर ट्रेडच्या नियमांत संस्थेने मागितलं तर खरेदीदाराने कराराच्या ६० टक्क्यांपर्यंत रक्कम आधी मिळण्याची सोय करायची असते. कोयोटेच्या दारी न जाता शाळेची फी आणि तोडणीची मजुरी भागते ती यातून. किती खरेदीदारांनी ती खरोखर दिली, हे पुड्यावर छापायला हवं. ते वाचून मी दुप्पट दाम मोजेन.

दुसरा पुडा गायोचा. सुमात्राच्या उत्तर टोकाला, आचे प्रांतात. इथली पद्धत वेगळी, ‘गिलिंग बासा’, म्हणजे ओलं सोलणं. दमट हवेत दाणा पूर्ण वाळायला फार वेळ लागतो म्हणून तो ओला असतानाच टरफल काढतात आणि मग पुढे वाळवतात. कच्चा दाणा निळसर हिरवा दिसतो. चव जड, मातीच्या वासाची, आंबटपणा नावाला. फ्रेंच प्रेसमध्ये, म्हणजे दट्ट्याने दाबून गाळायच्या भांड्यात, चार मिनिटं ठेवून ही उत्तम झाली. कागदी गाळणीत तिचा दाटपणा कागदातच राहतो. दुधात टिकते. पावसाळी सकाळी मी यिर्गाचेफे बाजूला ठेवून हीच करत होते. पुड्यावर संस्थेचं नाव होतं, भाजल्याची तारीख होती, हंगाम मात्र नव्हता. एवढी एक उणीव सोडली तर समाधानाचा पुडा.

तिसऱ्याने दुखावलं. शिक्का अस्सल, पण मागे ना संस्था, ना देश, ना भाजल्याची तारीख. फक्त अठरा महिने पुढची ‘या तारखेपूर्वी वापरा’. दाणे काळेभोर, वर तेलाचा तवंग, झडपेतून वास नाही. कपात राख आणि जुन्या पेटीचा वास. चार वेगवेगळ्या प्रकारे करून बघितली, शेवटी अर्धा पुडा झाडांच्या कुंड्यांत गेला. कुणीतरी उतारावर उभं राहून वेचलेला दाणा इतक्या निष्काळजीपणे भाजून टाकावा, याचा मला राग आला. मी कंपनीला पत्र लिहिलं: संस्थांची नावं आणि भाजल्याची तारीख कळवा. अकराव्या दिवशी उत्तर आलं. नावं दिली, एक होंडुरासची, एक पेरूची. तारीख दिली नाही. प्रमाणपत्र देणाऱ्या फ्लोसर्टच्या संकेतस्थळावर संस्था शोधता येतात. मी शोधल्या, दोन्ही होत्या. म्हणजे माहिती होती, कॉफीच्या बाबतीत ती ठेवावीच लागते. कोको, साखर, चहात शिक्क्याचा आणि साधा माल वाटेत एकत्र होऊ शकतो, फक्त वजनाचा मेळ घालावा लागतो. कॉफी मात्र शेवटपर्यंत वेगळी ठेवायची असते. मग छापायला काय हरकत होती?

शिक्का चवीची हमी देत नाही हे इथे स्पष्ट सांगते. तो अटींची हमी देतो, आणि त्या अटींनाही मर्यादा आहेत. एक म्हणजे, संस्थेचा सगळा माल प्रमाणित असला तरी त्या भावाने तेवढा विकला जाईलच असं नाही. बराच भाग साध्या बाजारात जातो आणि शेतकऱ्याच्या हाती दोन्हींची सरासरी येते. दुसरी मर्यादा मला जास्त बोचते. लंडनच्या सोआस विद्यापीठाच्या संशोधकांनी इथिओपिया आणि युगांडात चार वर्षं काम करून २०१४ मध्ये अहवाल दिला: त्यांनी पाहिलेल्या भागांत प्रमाणित संस्थांच्या परिसरातल्या मजुरांची रोजी बाकीच्यांपेक्षा बरी नव्हती, बऱ्याचदा कमीच होती. फेअर ट्रेडच्या संस्थेने त्या तुलनेवर आक्षेप घेतला. पण प्रश्न राहतोच. हेक्टरभर जमीनवाला लहान शेतकरीही तोडणीला मजूर लावतो, आणि त्या मजुराकडे सभासदत्व नाही, सभेत मत नाही. आमच्याकडेही कर्ज सातबाऱ्यावर नाव असलेल्याला मिळायचं, बांधावर राबणाऱ्याला नाही. मी ते प्रकरण नियमाप्रमाणे मंजूर करत असे आणि तो माणूस दाराशी उभा असे.

भाव वाढतो तेव्हा वेगळीच परीक्षा. २०२१ मध्ये ब्राझीलच्या मळ्यांवर हिमकडाका पडला, भाव चढले आणि कोलंबियात अनेक शेतकऱ्यांनी आधी कमी भावाने कबूल केलेला माल दिला नाही, बाहेर विकला. मी त्यांना दोष देऊ शकत नाही. पण अशा वेळी संस्था टिकते ती पडत्या वर्षांत तिने सभासदांशी कसा व्यवहार केला त्यावर.

यिर्गाचेफेला पाचपैकी पाच. गायोला चार, हंगाम छापला की पाच. तिसऱ्याला एक, तोही त्या दोन संस्थांसाठी, ज्यांचा यात काही दोष नाही. त्यांचा माल दुसरं कुणी भाजतं का ते शोधते आहे. होंडुरासच्या संस्थेचं नाव एका लहान भट्टीवाल्याच्या यादीत सापडलं आहे, भाजल्याच्या तारखेसकट. पुढचा पुडा तो.