न घेतलेल्या पाठांचे १८२ गुण

बी.एस्सी. झाल्यावर शिक्षिका व्हायचे, हे माझे आधीपासून ठरले होते. आमच्या ओसरीवर वाडीतली सात-आठ मुले संध्याकाळी गणित सोडवायला बसत आणि आंब्याच्या पेट्या भरता भरता बाबा ते कौतुकाने पाहत. त्या वाटेची पहिली पायरी कोणती, हे मात्र घरात कुणालाच नीट ठाऊक नव्हते आणि नेमका त्याचाच फायदा घेतला गेला.

२०२१ च्या जूनमध्ये बाबा आणि मी कुडाळला एका प्रवेश मार्गदर्शन करणाऱ्या गृहस्थांकडे गेलो. सीईटी म्हणजे प्रवेश परीक्षा द्यावी लागणार नाही, रोज वर्गात बसावे लागणार नाही, परराज्यातल्या महाविद्यालयातून घरबसल्या दोन वर्षांत बी.एड. होईल आणि त्याला ८५ हजार रुपये लागतील, असे त्यांनी सांगितले. करोनामुळे त्या वर्षी सगळेच ऑनलाइन चालले होते, त्यामुळे आम्हाला त्यात वावगे वाटले नाही. शिवाय त्यांच्या बोलण्यात अर्धे सत्य होते: दूरशिक्षणाने बी.एड. करता येते, पण ते आधीच मान्यताप्राप्त शिक्षक-प्रशिक्षण घेतलेल्यांसाठी असते. हा दुसरा अर्धा भाग त्यांनी गिळला. हंगामाच्या पैशांतून बाबांनी रक्कम रोख मोजली. मिळालेल्या पावतीवर महाविद्यालयाचे नाव नव्हते, नुसता 'शैक्षणिक सेवा शुल्क' असा शिक्का होता. तो मी तेव्हा वाचला, पण त्याचा अर्थ लावला नाही.

दोन वर्षांत चार वेळा झेरॉक्सच्या नोट्स आल्या. परीक्षेचे विचारले की, 'ते आम्ही पाहतो' असे उत्तर मिळे. २०२३ मध्ये गुणपत्रिका हाती आली, तेव्हा आईने ती गणपतीपुढे ठेवली. शेजारचे निवृत्त केंद्रप्रमुख दर्शनाला आले होते. त्यांनी चष्मा लावून ती वाचली आणि विचारले, "सराव पाठ खंयच्या शाळेत घेतलंस गो?" गुणपत्रिकेवर अध्यापन सरावाला २०० पैकी १८२ गुण होते आणि मी एकाही शाळेच्या फळ्यासमोर उभी राहिले नव्हते. त्यांनी पाठ टाचणांची (प्रत्येक पाठाच्या पूर्वतयारीची) वही मागितली, छात्रसेवाकालाचा, म्हणजे शाळेत राहून केलेल्या शिकवण्याच्या सरावाचा, दाखला मागितला. माझ्याकडे दोन्ही नव्हते. त्या प्रश्नाइतकी लाज मला नंतर पोलीस ठाण्यातही वाटली नाही.

मग जे आधी करायला हवे होते ते केले. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या संकेतस्थळावर मान्यताप्राप्त महाविद्यालयांची राज्यवार यादी असते. तीत आमच्या गुणपत्रिकेवरचे महाविद्यालय नव्हते. परिषदेच्या २०१४ च्या नियमांनुसार बी.एड. दोन वर्षांचे असून त्यात शेवटच्या वर्षी १६ आठवडे शाळेत प्रत्यक्ष शिकवावे लागते, अभ्यासक्रमाला किमान ८० टक्के आणि छात्रसेवाकालाला ९० टक्के हजेरी लागते. म्हणजे 'हजेरी लागत नाही' हे वाक्य ऐकताच आम्ही उठायला हवे होते. आपल्या राज्यात बी.एड.चा प्रवेश राज्य सीईटी कक्षाच्या परीक्षेतून आणि केंद्रीय प्रवेश फेऱ्यांतून होतो. ज्यांना पहिली ते पाचवीला शिकवायचे आहे, त्यांच्यासाठी तर वाटच वेगळी आहे: ऑगस्ट २०२३ मधील सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर तिथे बी.एड. चालत नाही, डी.एल.एड.सारखे प्राथमिक शिक्षणाचे प्रशिक्षण लागते.

जाब विचारायला गेलो, तर त्या गृहस्थांनी शांतपणे टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, 'करून देण्याचा' दर सांगितला. २०१९-२० च्या टीईटीतील गैरप्रकारात सात हजारांहून अधिक उमेदवारांवर कारवाई झाल्याचे एव्हाना मला माहीत होते. शिवाय टीईटीला १५० पैकी ९० गुण मिळवले (राखीव प्रवर्गांना सवलत आहे), तरी त्याने फक्त पात्रता मिळते; जिल्हा परिषदेच्या नोकरीसाठी पुढे अभियोग्यता चाचणी आणि शिक्षक भरतीचे सरकारी पवित्र पोर्टल असतेच. मधल्या कुणाच्या हातात ते नसते.

तक्रार दिल्यावर ३० हजार परत आले, उरलेले अजून आलेले नाहीत. पुढच्या वर्षी सीईटी देऊन मी जिल्ह्यातल्याच महाविद्यालयात प्रवेश घेतला. पहिला सराव पाठ सातवीला अपूर्णांकांवर होता. पंचवीस मिनिटांत माझे टाचण संपले, तास संपायला दहा मिनिटे उरली होती, आणि निरीक्षण वहीत बाईंनी लाल शाईने लिहिले: 'फळ्याकडे पाहून बोलता, मुलांकडे पाहा.' गुण पडले २५ पैकी १३.