वर छापलं अडीच एमएम, आत निघालं दीड : कॅम्परव्हॅनच्या पॉवर केबलमधली फसवणूक

२५ मीटर, ३ कोर, २.५ चौरस मिमी. एका टोकाला १६ अँपिअरचा थ्री-पिन टॉप (प्लग), दुसऱ्या टोकाला गाडीच्या इनलेटमध्ये बसणारा निळा गोल कनेक्टर. कॅम्परव्हॅन उभी असताना तिला बाहेरून वीज देणारी ही तयार केबल मुंबईत लोहार चाळीच्या परिसरातल्या एका दुकानातून ४,८०० रुपयांना घेतली गेली. 'प्युअर कॉपर आहे' हे तोंडी आश्वासन मिळालं, पक्कं बिल मिळालं नाही. तिसऱ्याच वापरात टॉपचा लाइन पिनजवळचा भाग वितळला. केबल दुकानात परत नेली, तर उत्तर तयार होतं : "ड्रमवर गुंडाळून वापरली असणार तुम्ही."

हे उत्तर इतकं सोयीचं आहे, की ते पुढेही अनेकांना मिळणार. गुंडाळलेली केबल तापते हे खरंच आहे, त्यामुळे गिऱ्हाईक गप्प बसतं. पण ही केबल त्या वेळी सोसायटीच्या पार्किंगमध्ये पूर्ण उलगडून टाकलेली होती. साठवण्याच्या चुकीने खराब झालेली केबल आणि मुळातच खोटी केबल यांची लक्षणं वेगळी असतात. ती ओळखता आली, तर दुकानदाराला तिथल्या तिथे उत्तर देता येतं.

गुंडाळून वापरलेली केबल आतल्या थरांत वितळते, कारण तिथली उष्णता बाहेर पडायला जागाच नसते. वेटोळ्यामुळे चुंबकत्व तयार होऊन ती तापते, असंही दुकानात सांगतात. ते चूक आहे. जाणारा आणि परतणारा करंट एकाच आवरणात शेजारी शेजारी असतो, त्यामुळे दोघांचं चुंबकीय क्षेत्र एकमेकांना जवळजवळ संपवून टाकतं. अडचण फक्त कोंडलेल्या उष्णतेची. याउलट खोटी केबल उलगडलेली असतानाही सगळ्या लांबीवर सारखीच कोमट लागते आणि सगळ्यात आधी टोकाशी, स्क्रूखाली, जळते.

टॉप उघडून कोर, म्हणजे केबलच्या आतली एक वायर, सोलल्यावर कारण दिसलं. आत ०.२५ मिमीच्या ३० तारा होत्या. एका तारेचं क्षेत्रफळ ०.०४९ चौरस मिमी, म्हणजे सगळं मिळून १.४७. अडीचच्या केबलमध्ये याच जाडीच्या साधारण ५० तारा लागतात, किंवा ०.३ मिमीच्या ३६. कमी पडलेली जाडी पीव्हीसीचं आवरण फुगवून भरून काढली होती, म्हणून बाहेरून केबल चांगली दणकट वाटत होती. लांबी मात्र पुरेपूर २५ मीटर भरली. ती कोणीही टेपने मोजतो, म्हणून चोरी तिथे होत नाही.

दुसरी चोरी धातूची. ब्लेडने एक तार खरवडली, तर वरचा तांबूस थर निघून आत पांढरं चकाकलं. तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम. लायटरच्या ज्योतीत अशी बारीक तार वितळून टोकाला गोळी होते. तांब्याची तार लाल होईल, काळी पडेल, पण आकार सोडणार नाही. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं, तांबं १,०८५ अंशांना. लोहचुंबकाची चाचणी इथे काही कामाची नाही, कारण या दोन्ही धातूंना चुंबक धरत नाही.

सगळ्यात खात्रीचा पुरावा वजनाचा. सोललेल्या अडीचच्या तांब्याच्या कोरचं वजन मीटरला सुमारे २२ ग्रॅम भरतं. टॉप बसवताना २० सेंटिमीटरचा तुकडा कापून, सोलून सोनाराच्या काट्यावर ठेवा : साडेचार ग्रॅमच्या आसपास यायला हवं. या केबलचा तेवढाच तुकडा जेमतेम १ ग्रॅम भरला. लोहार चाळीपासून झवेरी बाजार चार पावलांवर आहे, आणि आता खिशात मावणारे काटेही सहज मिळतात. अख्ख्या केबलचा हिशेब केला तर २५ मीटर आणि ३ कोर म्हणजे जवळपास १.७ किलो तांबं असायला हवं. इथे आवरण सोडून सगळा धातू मिळून ४०० ग्रॅमही नव्हता.

याचा परिणाम किती? खऱ्या २५ मीटर केबलचा जाण्या-येण्याचा मिळून रोध ०.४ ओमच्या आसपास असतो, हिचा ०.९. छतावरचा एसी, चार्जर आणि किटली मिळून १२ अँपिअर ओढले, तर खऱ्या केबलमध्ये ५ व्होल्ट पडतात आणि ५८ वॅटची उष्णता होते. हिच्यात ११ व्होल्ट पडतात आणि १३० वॅट तापतात, म्हणजे मीटरमागे ५ वॅटच्या वर. शिवाय ॲल्युमिनियम स्क्रूच्या दाबाखाली हळूहळू सरकतं आणि हवेत त्याच्यावर वीज न वाहणारा ऑक्साइडचा थर चढतो. जोड ढिला होतो, रोध वाढतो, उष्णता वाढते, जोड आणखी ढिला होतो. मुंबईच्या खाऱ्या दमट हवेत तांबं आणि ॲल्युमिनियम एकत्र असलं की गंजही लवकर लागतो. टॉप वितळला तो यामुळे. तो नुसता बदलून उपयोग नाही. नवा टॉपही त्याच वाटेने जाईल.

केबल न कापता तपासायची असेल तर १२ व्होल्टची बॅटरी पुरते, २३० व्होल्टला हात लावायची गरज नाही. दूरच्या टोकाला लाइन आणि न्यूट्रल एकमेकांना जोडा. जवळच्या टोकाकडून १० अँपिअरचा फ्यूज आणि ६० वॅटचा हेडलाइटचा बल्ब सिरीजमध्ये घेऊन बॅटरीला लावा. आधी मल्टिमीटरच्या १० अँपिअरच्या रेंजवर करंट मोजा. मग मीटर काढून ती जागा पुन्हा जोडा, लीड व्होल्टच्या भोकात घाला आणि केबलच्या जवळच्या टोकाच्या दोन पिनांमधला व्होल्टेज घ्या. व्होल्ट भागिले अँपिअर हा केबलचा रोध. २५ मीटर अडीचसाठी ०.४२ ओमपर्यंत ठीक. ०.६ च्या वर आला तर केबल परत करा. मल्टिमीटरच्या नुसत्या ओम रेंजवर विसंबू नका. एवढ्या छोट्या आकड्यात त्याच्या लीडचाच रोध मिसळतो.

याच खरेदीत तिसरी गोष्ट सापडली, आणि आमच्या मते ती सगळ्यात गंभीर आहे. निळ्या कनेक्टरमध्ये अर्थिंगची हिरवी तार जोडलेलीच नव्हती. आवरणाच्या काठाशी कापून आत ढकललेली होती. गाडी रबरी टायरांवर उभी असते. आत कुठे गळती झाली आणि अर्थिंग नसलं, तर अख्खी पत्र्याची बॉडी लाइव्ह होते. आरसीसीबी (गळती होताच वीज तोडणारा स्विच) असला तरी तो माणसाने ओल्या जमिनीवरून दाराच्या कडीला हात लावल्यावरच पडतो, कारण तोवर करंटला जायला वाट नसते. म्हणून केबल गाडीला लावून, पण पुरवठ्यापासून सुटी असताना, टॉपच्या मोठ्या (अर्थच्या) पिनपासून चॅसिसच्या स्वच्छ बोल्टपर्यंत मल्टिमीटरचा बझर वाजतो का ते बघा. नवीन केबल घेतल्यावर हे आधी करा, वजन वगैरे नंतर.

खरेदीच्या वेळी आवरणावरचा छाप वाचा. पीव्हीसी केबलवर आयएस ६९४ हा मानक क्रमांक, आयएसआय चिन्ह आणि सीएम/एल ने सुरू होणारा लायसन्स क्रमांक हवा. तो क्रमांक दुकानात उभं राहूनच भारतीय मानक ब्युरोच्या 'बीआयएस केअर' ॲपमध्ये टाका. कंपनीचं नाव आणि लायसन्स चालू आहे का ते दिसतं. केबलवरचं नाव आणि ॲपमधलं नाव जुळलं नाही तर तिथेच थांबा. तयार सेट घेण्यापेक्षा केबल मीटरने वेगळी, टॉप आणि कनेक्टर वेगळे घेऊन वायरमनकडून थिंबल (तारेच्या टोकावर दाबून बसवायची धातूची टोपी) लावून जोडून घेणं जास्त भरवशाचं. गाडी सतत उघड्यावर उभी राहणार असेल तर पीव्हीसीऐवजी रबरी आवरणाची केबल घ्या. उन्हात पीव्हीसी कडक होऊन तडकतं.

साठवण्याची शिस्त पाळा, म्हणजे दुकानदाराला बोट दाखवायला जागा उरत नाही. निघताना आधी गाडीतला लोड बंद, मग पुरवठ्याचा स्विच, मग टॉप काढा, शेवटी गाडीकडचा कनेक्टर. हात आणि कोपराभोवती केबल गुंडाळू नका. प्रत्येक फेऱ्याला पीळ बसतो आणि आतल्या तारा तुटत जातात. ५०-६० सेंटिमीटरचे वेटोळे घ्या, एक सुलटा, एक उलटा, म्हणजे पीळ एकमेकांना काढतो. गोळा करतानाच कोरड्या फडक्यातून केबल ओढा, तीन ठिकाणी वेल्क्रोच्या पट्ट्या बांधा. पावसाळ्यात ओली केबल प्लास्टिकच्या पिशवीत कोंडली तर पिनांवर हिरवट थर येतो. कॅनव्हासची पिशवी घ्या, कनेक्टरचं झाकण लावा आणि टोकं खाली राहतील अशी ठेवा. पार्किंगमधले उंदीर केबल कुरतडतात, म्हणून गाडीखालच्या उघड्या कप्प्यात ती कधीच नको.

फसवणूक झालीच असेल तर केबल फेकू नका आणि दुकानदाराच्या ताब्यातही देऊ नका. छाप असलेला अर्धा मीटर, सोललेला तुकडा काट्यावरच्या आकड्यासकट फोटोत, वितळलेला टॉप आणि यूपीआयची नोंद एकत्र ठेवा. पक्कं बिल नसेल तर ती नोंदच खरेदीचा पुरावा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवता येते. आयएसआय चिन्ह खोटं असेल तर त्याची वेगळी तक्रार 'बीआयएस केअर'मधूनच करा. जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत जाता येतं, आणि ५ लाखांपर्यंतच्या प्रकरणात शुल्क लागत नाही.