पूल पाडायचा की यार्ड फोडायचं?
1944 साली फ्रान्सच्या किनाऱ्यावर, नॉर्मंडीत सैन्य उतरवण्याआधी दोस्त राष्ट्रांपुढे हाच पेच होता. जर्मन कुमक अडवायची, तर बॉम्ब टाकायचे कुठे?

बॉम्बफेकीचे सल्लागार असलेले ब्रिटिश शास्त्रज्ञ सॉली झुकरमन यांचा भर रेल्वे यार्डांवर होता. इंजिनं, दुरुस्तीचे कारखाने, सिग्नल सगळं एका जागी. लक्ष्यही मोठं, रात्री उंचावरूनही सापडणारं. पण खड्डे बुजवून एखादा रूळ लवकर सुरू करता येतो आणि लष्करी गाड्यांना तेवढा पुरतो. शिवाय यार्डाला खेटून वस्ती. फ्रेंच नागरिक मरतील म्हणून चर्चिल धास्तावले होते.

पुलाचं उलट. अरुंद पट्टी, जड बॉम्बरांच्या हाती सहसा न लागणारी. मात्र 7 मे रोजी पी-47 थंडरबोल्ट या छोट्या अमेरिकी लढाऊ विमानांनी खाली येऊन सीन नदीवरचा वेर्नोंचा पूल पाडला, आणि शंका घेणारे गप्प झाले. यार्डापेक्षा पूल उभारायला कितीतरी जास्त वेळ लागतो. तोवर रणगाडे, इंधन, दारूगोळा नदीपलीकडेच. तराफ्यांवरून नेऊन नेणार किती?

माझं मत पुलाला, पण नदी मोठी हवी. उथळ ओढ्यावरचा पूल पाडून काय उपयोग, माणसं पाण्यातून चालत येतात! आणि यार्डांवरचा मारा अगदीच वाया गेला असंही नाही; इंजिनांचा तुटवडा त्यानेच वाढवला.