पोस्टग्रेसवर एक खरीप: मराठी मजकुराची तपासणी कशी वाटली

यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या सोसायटीत कास्तकारांची नावं, गट नंबर आणि पिकं पोस्टग्रेस या डेटाबेसवर घेतली, त्याला आता एक खरीप उलटला. वेग वगैरे आमच्याएवढ्या कामाला कोणत्याही डेटाबेसचा पुरते. मराठी मजकूर तो कसा तपासतो, तेवढंच लिहितो.

जुन्या प्रोग्रामची सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेली साधी फाइल) चढवताना पहिल्याच झटक्यात एरर आला: यूटीएफ-८ (अक्षरं बाइटांत साठवायची पद्धत) साठी अवैध बाइट, ई०, ए४, २सी. देवनागरीचं एकेक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये ३ बाइटचं असते. जुना प्रोग्राम नावाचा रकाना २० बाइटवर तोडत होता. म्हणजे सहा चिन्हांचे १८ बाइट गेले, सातव्याचे दोनच मावले, आणि तिसऱ्याच्या जागी स्वल्पविराम येऊन बसला. तोच तो २सी. पोस्टग्रेसनं ओळ नंबर सांगितला अन् अख्खी फाइल परत केली. एका ओळीपायी सगळं अडलं म्हणून सचिव वैतागले. मला मात्र हा कडकपणा पटला. तुटकं नाव आत गेलं असतं तर थेट कर्जवाटपाच्या यादीतच दिसलं असतं. मात्र डेटाबेस बनवतानाच त्याचं एन्कोडिंग यूटीएफ-८ ऐवजी एसक्यूएल-अ‍ॅस्की ठेवलं, तर ही तपासणी होतच नाही. तेवढं आधी बघून घ्या.

पण हा दारवान पास बघतो, तोंड नाही. कृतिदेव या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेलं ‘नाव’ आतून इंग्रजी यू, के, ओ असते. बाइट शुद्ध, म्हणून बिनबोभाट आत! एक्सेलच्या साध्या सीएसव्हीत मराठीची झालेली प्रश्नचिन्हंही तशीच. नावाच्या रकान्यात इंग्रजी अक्षर किंवा प्रश्नचिन्ह नको, असा चेक (नियम) आम्हालाच लावावा लागला.

खरी गंमत पिकांच्या बेरजेत. रिपोर्टमध्ये पऱ्हाटी (कापूस) तीनदा आली, तीन वेगळ्या ओळींत, दिसायला हुबेहूब. एकीत सरळ ऱ, दुसरीत र आणि नुक्ता (अक्षराखालचा टिंब), तिसरीत र, हलन्त आणि न दिसणारा जोडक. तिन्ही वैध यूटीएफ-८, त्यामुळे डेटाबेसची तक्रार शून्य. आवृत्ती १३ पासून पोस्टग्रेसमध्ये असं वेगवेगळं लिहिलेलं अक्षर एकसारखं करणारं नॉर्मलाइझ फंक्शन आहे; त्यानं पहिल्या दोन एक होतात. तिसरी होत नाही, तिला रिप्लेसच (शोधून बदल) मारावा लागते. शेवटी पिकांचं वेगळं टेबल केलं. आता पीक यादीतून निवडायचं, टाइप करायचं नाही.