झेड-ॲनॅटॉमी: नाती पक्की, थर कच्चे

झेड-ॲनॅटॉमी हा शरीररचनेचा मोफत, मुक्तस्रोत त्रिमितीय ॲटलास. जपानच्या बॉडीपार्ट्सथ्रीडी या मॉडेलसंचावर तो बेतलेला आहे आणि ब्लेंडर या त्रिमितीय सॉफ्टवेअरमध्ये चालतो. ब्लेंडर मुळात ॲनिमेशनवाल्यांचं हत्यार, त्यामुळे पहिल्यांदा उघडल्यावर बटणंच बटणं अंगावर येतात. शिकवायला त्यातली पाच-सहा पुरतात.

आधी प्रेफरन्सेसमध्ये नेव्हिगेशनखाली ‘ऑर्बिट अराउंड सिलेक्शन’ चालू करा, नाहीतर मॉडेल फिरवताना नेमका हवा तोच भाग पडद्याबाहेर पळतो. कीबोर्डला नमपॅड नसेल तर इनपुटखाली ‘एम्युलेट नमपॅड’.

या ॲटलासची खरी ताकद कार्पल टनेल, म्हणजे मनगटातला बोगदा, शिकवताना कळते. बोटं वाकवणारे फ्लेक्सर डिजिटोरम सुपरफिशियालिस आणि प्रोफंडस, अंगठा वाकवणारा फ्लेक्सर पोलिसिस लाँगस हे स्नायू आणि मीडियन नर्व्ह (मज्जातंतू) यांची नावं उजवीकडच्या यादीत शोधून निवडा आणि स्लॅश दाबा. बाकी सगळं शरीर बाजूला होतं. आता विद्यार्थ्यांना बोगद्यातले दोर मोजायला लावा: ४ अधिक ४ अधिक १, म्हणजे ९ कंडरा (स्नायूंचे दोर), आणि दहावा दोर म्हणजे मीडियन नर्व्ह. मग हात हळूहळू फिरवा. अग्रबाहूत सुपरफिशियालिस आणि प्रोफंडसच्या मध्ये दडलेली नर्व्ह मनगटाशी वर येते. फळ्यावरच्या आडव्या छेदात हा प्रवास दिसत नाही. पुन्हा स्लॅश दाबला की सगळं जागच्या जागी.

हेच काम ‘एच’ने एकेक भाग लपवूनही होतं, पण मग परत आणायला ऑल्ट-एच दाबलं की आधीपासून लपवलेले भागही एकदम बाहेर येतात आणि पडद्यावर जत्रा भरते. तसं झालं तर लगेच कंट्रोल-झेड.

रंगांची सवय मात्र घातक. लाल धमनी, निळी शीर, पिवळी नर्व्ह असं पाठ झालेला विद्यार्थी डिसेक्शनच्या (शवविच्छेदनाच्या) टेबलावर गोंधळतो, कारण तिथे सगळंच फिकट तपकिरी. उपाय सोपा: सॉलिड शेडिंगमध्ये रंग ‘सिंगल’ करा आणि मगच तोंडी परीक्षा घ्या.

उणिवाही आहेत. भाग म्हणजे नुसतं पृष्ठभागाचं कवच. ऑल्ट-बीने काप घेतला की हाड आतून पोकळ दिसतं. स्पंजी हाड, मज्जा काही नाही. स्नायूंच्या मधल्या जागेत फॅशिया (स्नायूंभोवतीचं पातळ आवरण) आणि चरबीऐवजी मोकळी हवा. प्रत्यक्ष डिसेक्शनमध्ये सगळ्यात जास्त वेळ तेच साफ करण्यात जातो, तेव्हा त्या कामाची तयारी इथे होणार नाही.

शिवाय हे एकच, ठरावीक शरीर. पाल्मारिस लाँगस हा अग्रबाहूतला स्नायू शिकवून झाल्यावर विद्यार्थ्यांना अंगठा-करंगळी जुळवून मनगट किंचित वाकवायला सांगा. बहुतेकांच्या मनगटावर मधोमध दोर उठतो, पण काहींच्या हाताला तो स्नायूच नसतो.