लॉन मोवर: आठ महिन्यांचा अनुभव, जास्त करून आवाजांबद्दल

पारोळ्याजवळ महामार्गालगत आमचं लग्नाचं लॉन्स आहे, अर्धा एकर गवत. तुळशीच्या लग्नाआधी मागून चालवायचं पेट्रोल मशीन घेतलं. फोर-स्ट्रोक इंजिन, २१ इंची पातं, मागची चाकं इंजिनावर फिरणारी. कापणी सुंदर होते, दोन तासांत सगळं मैदान उरकतं, त्याबद्दल तक्रार नाही. पण आवाज बदलला की काय बघायचं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. त्यात ऐन सीझनचे चार दिवस गेले, म्हणून सविस्तर लिहितोय.

अखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आठवड्यातली गोष्ट. रात्रीचं लग्न आटोपून मंडपवाले सामान घेऊन गेले आणि सकाळी गवत कापताना ठण्ण झालं. मशीन जागेवर बंद. हरळीत मंडपाची लोखंडी खुंटी राहून गेली होती. पुन्हा चालू करायला दोरी ओढली तर ती उलटी हिसकली, मनगट दोन दिवस दुखत होतं. कसंबसं चालू झालं, पण हँडल धरवेना इतकी थरथर. मशीन चालवणारा आमचा पोरगा म्हणाला, "भाऊ, मशीन खडखड करी ऱ्हायनं." गावातल्या मेकॅनिकने कार्बोरेटरचा दोष सांगितला, साफ करून ७०० रुपये घेतले. थरथर तशीच, हिसका तसाच.

मग आम्हीच उघडलं. आधी स्पार्क प्लगची (ठिणगी पाडणाऱ्या प्लगची) टोपी काढून बाजूला केली. ती लावलेली असताना पात्याला हात लावायचाच नाही. मशीन आडवं करताना एअर फिल्टर वरच्या बाजूला ठेवायचा, नाहीतर इंजिनातलं ऑइल त्या एअर फिल्टरमध्ये उतरतं. पात्याचं एक टोक त्याच्यावरच्या पत्र्याच्या झाकणाच्या कडेपासून किती अंतरावर आहे ते मोजलं, पातं अर्धा वेढा फिरवून दुसरं टोक त्याच जागी आणून मोजलं. ४ मिलिमीटरचा फरक. पातं वाकलं होतं. लोहाराकडून ठोकून घेऊ असं मनात आलं होतं, पण नको. सरळ केलेलं पातं तडकून वेगात तुटू शकतं. नवीन टाकलं, थरथर गेली. नव्या पात्यालाही थरथर राहिली असती तर क्रँकशाफ्ट (पातं फिरवणारा इंजिनाचा दांडा) वाकलाय असं समजून मशीन चालवणं बंद करायचं.

दोरीचा हिसका मात्र गेला नाही. शेवटी फ्लायव्हील, म्हणजे त्याच शाफ्टवर बसवलेलं जड चाक, काढलं. त्याच्या आणि शाफ्टच्या खाचेत नखाएवढी एक चावी असते, मुद्दाम मऊ धातूची. आमच्या चावीच्या कडेला स्पष्ट पायरी पडली होती, बोटाला लागत होती. पात्याला दणका बसला की ती कापली जाते. तेवढ्याने फ्लायव्हील जरासं सरकतं, त्यातल्या चुंबकाची जागा चुकते आणि ठिणगी भलत्या वेळी पडते. कार्बोरेटरचा काही संबंधच नव्हता. ४० रुपयांची चावी बदलली आणि मशीन पहिल्या ओढीत सुरू झालं.

बाकीचे आवाज इतके महागात पडले नाहीत. घासल्यासारखं चिरचिर ऐकू आलं की पात्याच्या वर शाफ्टला सजावटीची तार गुंडाळलेली असते. फुलांच्या डेकोरेशनची बारीक तार तर दर लग्नानंतर निघते. पत्र्याचा खणखणाट आला की आधी पात्याचा बोल्ट बघा, मग इंजिनाचे आणि मफलरचे. पात्याचा बोल्ट अंदाजाने आवळू नका, पुस्तिकेत दिलेल्या मापानेच टॉर्क पान्याने आवळा. मशीन मागे ओढताना चाकांतून टकटक येते. पहिला आठवडाभर मी घाबरलो होतो, पण ती चाकातल्या दात्यांची असते, दोष नव्हे. आता पावसात आवाज जड आणि घोगरा होतो, कारण ओलं गवत आणि काळी माती पत्र्याखाली थापली जाते. खरवडून काढली की मोकळा होतो.

एका आवाजाला मात्र एक मिनिटही देऊ नका: इंजिनाच्या पोटातून येणारी ठोक-ठोक. तिथल्या तिथे बंद करून ऑइल बघा. मे महिन्यातल्या आपल्या उन्हात आम्ही दर वेळी सपाट जागेवर ऑइलची काडी बघूनच दोरी ओढत होतो.

नवीन घेणार असाल तर एक जास्तीचं पातं आणि दोन चाव्या मशीनसोबतच मागून घ्या. आमच्या विक्रेत्याकडे दोन्ही नव्हतं, नाशिकहून मागवावं लागलं. ते चार दिवस त्यातच गेले.