सायबरसाठी आर्मी, एअर फोर्स की नेव्ही?

बीई, एमसीए झालेली आणि एसएसबीची, म्हणजे ऑफिसर निवडीच्या मुलाखतीची, तयारी करणारी मुलं हल्ली हेच विचारतात, की सायबर सिक्युरिटीच करायचीय तर तिघांपैकी कुठे जाऊ. एक लक्षात घ्या, ऑफिसर म्हणून भरती होताना सायबर अशी वेगळी ब्रँच कुठेच नाहीये. डिफेन्स सायबर एजन्सी 2019 पासून आहे, पण ती तिन्ही दलांची मिळून आहे, आधी कुठल्यातरी दलात जायचं आणि मग पोस्टिंग मिळालं तर तिकडे. मग तोपर्यंतची वर्षं तुम्ही कशात घालवणार ते बघा.

आर्मी म्हणजे सिग्नल्स, सैन्याचं संदेशवहन सांभाळणारी शाखा. 1911 ची जुनी कोअर, महूला एमसीटीईसारखी टेलिकम्युनिकेशन शिकवणारी संस्था, आणि दल सगळ्यात मोठं असल्यामुळे सायबरच्या जागाही तिथेच जास्त असणार असं मला वाटतं, 2023 मध्ये तर प्रत्येक कमांडसाठी सायबर विंग उभारायचं जाहीर झालं. पण सिग्नल्सचं काम अफाट आहे. माझ्या कॉलेजचा एक सिनियर, आयटी इंजिनियर, कोडिंगमध्ये आमच्या सगळ्यांच्या पुढे, त्याचं पहिलं पोस्टिंग फील्डला. मी फोन केला की तो सांगायचा, रात्री डिटॅचमेंटचा, म्हणजे छोट्या तुकडीचा, जनरेटर बंद पडला, वाऱ्याने अँटेनाचा मास्ट हलला म्हणून लिंक गेली, सकाळी केबल कुठे तुटली ते शोधत पोरांबरोबर दोन डोंगर चाललो, आणि लॅपटॉप उघडला तो फक्त रजेचे अर्ज टाइप करायला. तो खूष होता हो, मनापासून खूष, आणि सैन्याला असेच ऑफिसर लागतात. पण मला ते नको होतं. टेक्निकल एन्ट्रीत कॉम्प्युटर स्ट्रीममधून घेतलं तरी सिग्नल्सच मिळेल याची हमी नाही, आणि सिग्नल्स मिळालं तरी समोर स्क्रीन असेल का रेडिओ सेट, ते तुमच्या हातात नाही. माझं मन तिथेच फिरलं.

एअर फोर्सबद्दल थोडक्यात सांगतो. एई इलेक्ट्रॉनिक्स म्हणजे एरोनॉटिकल इंजिनियरिंगची ब्रँच, ट्रेनिंग बंगळुरूत जलाहळ्ळीला, एएफनेट हे स्वतःचं नेटवर्क 2010 पासून, आणि राहणीमान तिघांत उत्तम, घरच्यांना विचारलंत तर ते हेच म्हणतील. फक्त या ब्रँचमध्ये रडार, मिसाइल, विमानातलं इलेक्ट्रॉनिक्स सगळं येतं, त्यामुळे अडचण तीच. ज्याला हार्डवेअरची ओढ आहे त्याने खुशाल जावं.

मी नेव्हीत गेलो, शॉर्ट सर्व्हिस म्हणजे ठरावीक वर्षांची नोकरी, एक्झिक्युटिव्ह ब्रँचमध्ये आयटी. जाहिरातीतच आयटी लिहिलेलं असतं आणि कामही त्याच्याच आसपासचं मिळतं, निदान मला तरी मिळालं. बीएस्सी आयटी किंवा बीसीए करून एमसीए केलेल्यांनाही अर्ज करता येतो, आपल्याकडे अशी मुलं खूप आहेत आणि त्यांना हे माहीतच नसतं. लेखी परीक्षा नाही, मार्कांवर शॉर्टलिस्ट करून थेट एसएसबीला बोलावतात. मग केरळात एझिमलाच्या नौदल अकादमीत ओरिएंटेशन. काम म्हणाल तर हॅकिंग वगैरे डोक्यातून काढा, नेटवर्क सांभाळणं, सिस्टिम हार्डन करणं म्हणजे तिच्यातल्या फटी बुजवणं, ऑडिट, आणि लॉग, म्हणजे सिस्टिममधल्या हालचालींच्या नोंदी, वाचणं, भरपूर लॉग. जहाज समुद्रात असताना पॅच, म्हणजे सॉफ्टवेअरची दुरुस्ती, इंटरनेटवरून ओढता येत नाही, मग जेट्टी सोडायच्या आधी कोणती मशीन अपडेट झाली, कोणती राहिली ही यादी हातात धरून एकेक कंपार्टमेंट फिरायचं. मला ते आवडायचं, अजून आठवतं.

नेव्हीच्या उणिवाही आहेत. जागा कमी, मार्क कमी असतील तर बोलावणंच येत नाही, आणि 10 वर्षं, फार तर 14, नंतर पेन्शन नाही. वीस वर्षं वर्दीत काढायचीच असं ज्याचं ठरलंय त्याला मी आर्मीच सुचवेन, तिथे वाव जास्त आहे. पण तुम्हाला रोज सिस्टिमसमोरच बसायचं असेल तर नेव्हीचा फॉर्म आधी भरा, बाकीचे दोन नंतर.

आणि कुठेही गेलात तरी सर्टिफिकेशन स्वतःच्या खर्चाने, रजेत बसून चालू ठेवा, कारण ऑफिशियल सीक्रेट्स ॲक्टमुळे केलेल्या कामातलं बरंचसं पुढे रेझ्युमेवर लिहिता येत नाही. पुण्यात गिरीनगरला डायटमध्ये, म्हणजे डिफेन्स इन्स्टिट्यूट ऑफ ॲडव्हान्स्ड टेक्नॉलॉजीत, सायबर सिक्युरिटीत एमटेक करता येतं, सर्व्हिसमधले ऑफिसरही तिथे शिकायला येतात. तशी संधी मिळाली तर सोडू नका.